कूस वळवतेय हं

गेल्या आठवड्यात एका रात्री वीज गेली. मी बाबांच्या खोलीत वाचत बसले होते. दिवा गेला, पंखा मंदावत मंदावत थांबला आणि मला एकदम पंख्याचा आवाज ऐकू आला. त्या पंख्याला फार वर्षांची एक खोड आहे, प्रत्येक फेऱ्याला त्यातून बारीकसं टक् वाजतं. तासभर तरी ते माझ्या डोक्यावर वाजत असणार, पण एकदाही जाणवलं नव्हतं. थांबलं तेव्हा कळलं की ते होतं. आणि नुसतं कळलं असंही नाही. शेवटचे चार-पाच टक्, एकमेकांपासून लांब लांब होत गेलेले, कानात इतके स्पष्ट होते की मी मगाचपासून ते मोजतच बसले असावे असं वाटावं. अंधारात पुस्तक मांडीवर तसंच ठेवून मी बसून राहिले. उठून मेणबत्ती शोधायचंही सुचलं नाही. आवाज थांबल्यावर मला ऐकू आला हे ठीक, पण थांबण्याआधी तो कोण ऐकत होतं?

हा प्रश्न माझ्यासाठी नुसता पंख्याचा नाही.

काही वर्षांपूर्वी बाबा सहा दिवस आयसीयूत बेशुद्ध होते. सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं आत सोडायचे. चप्पल बाहेर काढायची, हाताला ते गार, उडून जाणारं द्रव्य चोळायचं आणि पडद्यामागे जायचं. बाबांचे ओठ कोरडे पडलेले, ओठांच्या कोपऱ्यात नळी चिकटपट्टीने लावलेली, मिशी एका बाजूने दबलेली. दबलेली मिशी त्यांना कधीच चालली नसती. मी रोज ती बोटाने सारखी करायचे आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तशीच असायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आणि दादा त्यांच्या पायथ्याशी उभे होतो आणि बोलत होतो. हळू आवाजात, पण त्यांच्यासमोरच. हे असं किती दिवस चालणार, रजा कुणी कधी काढायची, घरी आणलंच तर कुठल्या खोलीत ठेवायचं. दादा म्हणाला, "आता काही राहिलेलं नाही गं त्यांच्यात." मी "हो" म्हटलं. तेवढ्यात सिस्टर चादर बदलायला आल्या. त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, वाकल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, कूस वळवतेय हं. जरा दुखेल." मग क्षणभर थांबल्या. कुणी होकार द्यावा म्हणून आपण थांबतो तेवढ्याच. आणि मग वळवलं. आमच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही, रागावल्या तर मुळीच नाहीत. पण त्यांच्या त्या "हं"नंतर मला आणि दादाला एकमेकांकडे बघता आलं नाही.

आम्ही दोघं एका शरीराशेजारी उभे होतो आणि सिस्टर बाबांशेजारी.

त्यानंतरच्या दिवसांत, बाहेरच्या बाकड्यावर बसून, मी आपल्या भाषेतले शब्द चाळत राहिले. आत कुणीतरी असणं, त्याला जाणवत असणं, यासाठी आपल्याकडे एक शब्द नाहीच. शुद्ध असते, ती हरपते आणि परत येते. भान असतं, ते सुटतं, ते ठेवावं लागतं. जाग येते. जाण येते, पण ती वयाने येते. पोराला अजून जाण नाही असं आपण म्हणतो तेव्हा ते पोर टक्क जागं असतं. गाणाऱ्याचं देहभान हरपतं तेव्हा त्याची शुद्ध जराही ढळलेली नसते. रागाच्या भरात नको ते बोलून गेलेला माणूस नंतर म्हणतो, मला भान राहिलं नाही. शुद्ध राहिली नाही असं तो म्हणत नाही. पुन्हा तंद्री वेगळी, गुंगी वेगळी, ग्लानी वेगळी, झापड वेगळी. गुंगीत असलेल्याला हाक मारायची आणि तंद्रीत असलेल्याला हलवायचं, एवढा बारीक फरक आपल्याला कुणी न शिकवता कळतो. हे शब्द कुणा तत्त्वज्ञाने बसून घडवले असतील असं मला वाटत नाही. ते आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणाऱ्यांनी घडवले असणार.

मेंदूचा अभ्यास करणारेही जाग आणि भान हे दोन पदर वेगळेच धरतात. रोजच्या आयुष्यात दोन्ही एकदमच उगवतात आणि एकदमच मावळतात, म्हणून ती एक वाटतात. जागेची कळ मेंदूच्या बुंध्यात, पाठीच्या कण्यावर जिथे मेंदू बसतो त्या बोटभर भागात आहे. तिथे लहानशी इजा झाली तरी माणूस कोमात जाऊ शकतो. पण बुंधा शाबूत राहिला आणि वरचा मेंदू जबर दुखावला, तर काही दिवसांनी एक विलक्षण अवस्था येते. डोळे उघडतात, मिटतात, झोपेचं आणि जागेचं चक्र सुरू होतं, आणि तरी हाकेला ओ येत नाही. जाग आहे, भान नाही. ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम या दोन डॉक्टरांनी १९७२ साली तिला जे नाव दिलं, त्यात माणसाची तुलना झाडपाल्याशी आहे. त्यांच्या मनात तसं काही वाईट नसेल, पण ते नाव मला आजही सहन होत नाही. उलटा प्रकार तर आपण रोज रात्री भोगतो. स्वप्नात जाग नसते, पण घाबरणारा असतो, पळणारा असतो, परीक्षेला उशीर झाला म्हणून रडकुंडीला येणारा असतो.

आणि मग हाकेला ओ न येणं म्हणजे भान नसणं, हेही डळमळीत झालं. २००६ साली मेंदूविज्ञानी एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ वर्षांच्या एका तरुणीला मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनरमध्ये ठेवलं. अपघात होऊन पाच महिने झाले होते, डोळे उघडायचे, पण कशालाच प्रतिसाद नव्हता. तिला सांगितलं, तू टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर. मग सांगितलं, आता तुझ्या घरातल्या खोल्यांमधून फिर. टेनिस म्हटल्यावर मेंदूतला हालचालींची आखणी करणारा भाग कामाला लागला, घर म्हटल्यावर जागा आणि वाटा ध्यानात ठेवणारे भाग. निरोगी माणसांच्या मेंदूत जे होतं, तेच. बाहेरून एक पापणी सांगितल्यावर लवत नव्हती आणि आत कुणीतरी ऐकून, समजून, सांगितलं तेवढा वेळ खेळत होतं. चार वर्षांनी याच पद्धतीने एका रुग्णाशी प्रश्नोत्तरं झाली. उत्तर 'हो' असेल तर टेनिस खेळायचं, 'नाही' असेल तर घरातून फिरायचं. सहापैकी पाच प्रश्नांची बरोबर उत्तरं त्याने दिली. त्यातला एक प्रश्न वडिलांच्या नावाचा होता. पुढे २०२४ साली अनेक केंद्रांनी मिळून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दिसेल असा कुठलाच प्रतिसाद न देणाऱ्या २४१ जणांपैकी ६० जणांचे मेंदू दिलेली सूचना पाळत होते.

चारांतला एक. हे वाचत असताना मी पुन्हा त्या पलंगाच्या पायथ्याशी उभी होते.

बाबा सहाव्या दिवशी शुद्धीवर आले. पहिलं वाक्य होतं, "चष्मा कुठाय?" घरी आले, हळूहळू हिंडू-फिरू लागले, मिशी पुन्हा दोन्ही बाजूंनी सारखी झाली. दोनेक महिन्यांनी एकदा ते खिडकीशी बसून नखं कापत होते. मी हिय्या करून विचारलं, "बाबा, त्या सहा दिवसांतलं काही आठवतं का हो तुम्हाला?" त्यांनी वर न बघता म्हटलं, "काही नाही गं. डोळा लागला होता." आणि पुढचं नख घेतलं. मला सुटल्यासारखं झालं. स्वयंपाकघरात जाऊन मी उगीचच नळ सोडून उभी राहिले. सुटल्यासारखं वाटलं याचंही वाईट वाटत होतं. दादाला तसंच वाटत असेल का, हे मी त्याला कधी विचारलं नाही. तोही काही बोलला नाही.

पण आठवत नाही म्हणजे घडलंच नाही, असं थोडंच आहे? मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी बरेचदा भुलीबरोबर स्नायू सैल करणारं औषधही देतात. त्यामुळे आतून जागा झालेला माणूस ते कळवूच शकत नाही. १९७७ साली मायकेल टनस्टॉल या भूलतज्ज्ञाने यावर एक साधी युक्ती मांडली. ते औषध देण्याआधी एका हाताला पट्टा आवळायचा. तेवढ्या हातात औषध उतरत नाही, म्हणजे तो हात हलू शकतो. मग कानाशी वाकून सांगायचं, ऐकू येत असेल तर माझी बोटं दाबा. काहीजण दाबतात. सांगितलं तर पुन्हा दाबतात. आणि शुद्धीवर आल्यावर बहुतेकांना त्यातलं काहीच आठवत नाही, ते मनापासून सांगतात की छान झोप लागली होती. मग त्या घडीला बोटं दाबणारा कोण होता? त्याला काही दुखत असेल तर ते दुखणं कुणाचं? माझी आणि दादाची जी सुटका झाली होती, ती या हाताने परत घेतली.

आपल्याला वाटतं की निदान जागेपणी तरी सगळं आपल्यासमोर लख्ख असतं. तसंही नाही. एक गोष्ट कुणालाही करून पाहता येईल. आरशासमोर वीतभर अंतरावर उभं राहायचं आणि स्वतःच्या डाव्या डोळ्यात पाहायचं, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. बुबुळ सरकताना कधीच दिसत नाही. दर वेळी डोळा आधीच पोचलेला असतो, स्थिर, आपल्याकडेच रोखून बघणारा. मी भाचीला शेजारी उभं केलं तर ती ओरडली, "आत्या, हलताहेत की! केवढे हलताहेत!" नजर सेकंदाला तीनेक उड्या मारते आणि त्या प्रत्येक उडीत मेंदू आपल्याला दिसणारं जवळजवळ पुसून टाकतो, मग दोन्ही काठ असे जुळवतो की मधे फट होती हे कळू नये. फोनच्या कॅमेऱ्यात मात्र चित्र किंचित उशिरा येतं, म्हणून त्यात स्वतःचे डोळे सरकताना पकडता येतात. त्या दिवशी मी आणि भाची किती तरी वेळ आरसा, फोन, आरसा, फोन करत होतो. ती हसत होती. मला मात्र थोडी भीती वाटत होती. दिवसभरातल्या इतक्या फटी, आणि त्यातली एकही मला कधी दिसलेली नाही.

मेंदूत साधारण ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यातल्या ६,९०० कोटींच्या आसपास एकट्या अनुमस्तिष्कात, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूत. पेशी जास्त तिथे भान जास्त असं असतं, तर भानाचं घर तेच असायला हवं होतं. पण २०१४ साली चीनमधल्या २४ वर्षांच्या एका स्त्रीबद्दल प्रसिद्ध झालं, जिच्या डोक्यात हा लहान मेंदू जन्मापासूनच नव्हता. चालायला आणि बोलायला ती उशिरा शिकली, तोल तिला सांभाळावा लागायचा, पण जग तिला तुमच्या-माझ्यासारखंच कळत होतं. मग भान कशात आहे? इटलीचे मेंदूविज्ञानी मार्चेल्लो मासिमिनी आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ साली केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. चुंबकाच्या साहाय्याने कवटीबाहेरूनच मेंदूला एक हलकी टिचकी मारायची आणि तिचे पडसाद कुठवर जातात ते बघायचं. माणूस जागा असेल तर टिचकी एका ठिकाणी पडते आणि तिची लाट दूरदूरच्या भागांत जाते, तिथून तिसरीकडे. गाढ झोपेत तीच टिचकी जागच्या जागी विरते. पेशी तेव्हाही जिवंत असतात, कामही करत असतात, पण एकीचं दुसरीला पोचत नाही. गजबजलेल्या घरात प्रत्येकजण आपापल्या खोलीचं दार लावून बसावा, तसं काहीतरी. सोप्या शब्दांत भान म्हणजे काय असं मला कुणी विचारलं, तर दारं उघडी असणं, एवढं मी सांगू शकते.

त्यातही एक गोष्ट उरतेच. दारं उघडी असली की ये-जा होईल हे समजलं, पण त्या ये-जा करण्याचं कुणाला तरी काही वाटतं, ते कशाने? जर्मन तत्त्वज्ञ लायब्नित्सने १७१४ साली लिहून ठेवलंय की विचार करणारं एखादं यंत्र गिरणीएवढं मोठं करून त्यात शिरलात, तर एकमेकांना ढकलणारे भाग तेवढे दिसतील, जाणवणं कुठेच सापडणार नाही. गंमत म्हणजे गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणीचा आवाज कसा जाणवेनासा होतो, याबद्दलही त्यानेच लिहिलंय. आत पोचतात पण लक्षात येत नाहीत अशा बारीक संवेदना असतात, असं त्याचं म्हणणं होतं. पंख्याचं टक् त्याला लगेच कळलं असतं. तीनशे वर्षांनीही तो गिरणीचा प्रश्न तिथेच आहे. १९९८ साली मेंदूविज्ञानी क्रिस्टोफ कॉख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली होती की भानाची मेंदूतली स्पष्ट खूण २५ वर्षांत सापडेल. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कला कॉख यांनी हार मान्य केली आणि वाइनची पेटी चाल्मर्स यांच्या हवाली केली.

मला राहून राहून आठवतं ते बाबांचं "डोळा लागला होता". मांडूक्य उपनिषदात अवघे बारा मंत्र आहेत, आणि त्यात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि या तिन्हींपलीकडची चौथी, तुरीय, अशा अवस्था सांगितल्या आहेत. त्यातल्या सुषुप्तीपाशी, म्हणजे गाढ झोपेपाशी, आपले जुने लोक फार काळ भांडत बसले. वेदान्ती म्हणायचे, उठल्यावर माणूस म्हणतो मी सुखाने झोपलो होतो, मला काही कळलं नाही. आता 'काही कळलं नाही' हे तरी त्याला कळलं ना? म्हणजे तिथे कुणीतरी जागं होतं. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे तर्कपंडित, म्हणायचे, छे, तो उठल्यावर केलेला तर्क आहे, अंगाला ताजेपणा वाटला त्यावरून बांधलेला. दिवसा, डोकं शांत असताना, मला नैयायिकांचं पटतं. रात्री त्या खोलीत बसलं की वेदान्त्यांचं. दोन बाजू असलेल्या प्रश्नात आपण कुठल्या वेळी कुठल्या बाजूला असतो, हे आपल्याला काय गमवायचं नाहीये त्यावर ठरत असावं.

बाबा त्या आजारपणानंतर दोन वर्षं होते. शेवटचे चार दिवस त्यांनी याच खोलीत काढले, याच पंख्याखाली. दुसऱ्या दिवसापासून डोळे मिटलेले, श्वास मोठा आणि लांबचा, हाकेला ओ नाही. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची होती. पहिल्यांदा मी नुसतेच हात घातले आणि मधेच थांबले. वाकले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "बाबा, कूस वळवतेय हं." आवाज माझा मलाच परका वाटला. थांबून वाट पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग वळवलं. त्या दिवसांत दर दोन तासांनी मी हेच म्हणत राहिले, रात्री दोनला, पहाटे चारला. दादा यायचा तेव्हा तोही म्हणायचा, माझ्याकडे न बघता. आणि घरातलं जे काही बोलायचं ते आम्ही बाहेर जाऊन बोलायचो. ते ऐकत होते का? मी खूप निरखून पाहायचे. पापणी, बोटं, श्वासाची लय. कधी वाटायचं हो, कधी अजिबात नाही. त्यातलं माझ्या मनाचं किती आणि त्यांचं किती, हे मला तेव्हाही सांगता येत नव्हतं.

गेल्या आठवड्यात त्या रात्री वीज पाऊण तासाने आली. दिवा आधी लागला, मग पंखा हलला. पहिला टक्, बऱ्याच वेळाने दुसरा, मग तिसरा, मग ते एकमेकांना खेटत गेले. आता मी मुद्दाम ऐकत होते. मला तो क्षण पकडायचा होता. हा आवाज माझ्या कानांतून जाणवेनासा होईल तो नेमका क्षण, एकदा तरी, डोळ्यांदेखत. पुस्तक उघडलं पण वाचलं नाही. टक्, टक्, टक्. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अगदी ठळक. मग बाबांचा चष्मा ठेवलेला कप्पा दिसला, त्याची काडी कधी मोडली होती ते आठवायला लागले, दादाला फोन करायचा राहिला होता ते आठवलं, फोन कुठे ठेवलाय म्हणून इकडेतिकडे पाहिलं. आणि एकदम ध्यानात आलं की अरे, आवाज तर केव्हाचा गेला. पण ते ध्यानात येईपर्यंत तो पुन्हा ऐकू येऊ लागला होता.